लोलाबाईंची डावी बाजू

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
९ मे २००५

मामा,

इथूनच वाकून नमस्कार करते. कोल्हापुरात उन्हानं तुमचा जीव नकोसा झाला असेल आणि आम्ही हीटरला चिकटून बसलोय. तुमचा जावई प्रणय म्हणतो, इथलं थोडं वारं पाकिटात भरून मामांना पाठव. आमची ओवी नऊ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि राहिलेल्या निम्म्यावर तुम्ही भांडता, म्हणून पत्रच बरं.

मला नोकरी लागली. म्हाताऱ्या माणसांचं एक निवासस्थान आहे, रेस्ट होम म्हणतात. तिथल्या मंडळींना रमवायचं हे माझं काम. गाणी, पत्ते, विणकाम, आणि दिवसाच्या शेवटी कोण कसं वागलं याची वहीत नोंद करायची. चाळीस वर्षं सिनेमातल्या लोकांचे चेहरे रंगवणाऱ्या मामांना सांगण्यासारखी एक गंमत तिथेच सापडली आहे.

आमच्याकडे फिलिपाइन्सच्या एक बाई आहेत. वय पंचाहत्तर. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून इथे असतात. सगळे त्यांना लोला म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मी मनातल्या मनात लोलाबाई म्हणते. तर या लोलाबाई म्हणतात की मनिलात त्या सिनेमाच्या हिरॉइन होत्या. आई भरतकाम करायची. अठराव्या वर्षी गावच्या जत्रेत ह्यांना राणी केलं, तिथे स्टुडिओचा माणूस आला होता, त्यानं उचलून शहरात नेलं. स्टुडिओनं नाव ठेवलं लिगाया मोंतेस. लिगाया म्हणजे आनंद. आणि भूमिका सगळ्या रडायच्या! दहा वर्षांत सव्वीस सिनेमे. हे सगळं त्या मान ताठ ठेवून, एखाद्या राणीनं प्रजेला सांगावं तसं सांगतात.

खरं किती, खोटं किती, देव जाणे. सिनेमा एकही शिल्लक नाही, रिळं जळाली किंवा सडली म्हणे. त्यांची मुलगी तेसिता इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिनंही आईला पडद्यावर कधी पाहिलेलं नाही. ती तर हा विषय निघाला की खिडकीबाहेर बघते.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
निशा


कोल्हापूर
२३ मे २००५

चि. निशास,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात नव्यानं द्यायचे.

तुझ्या लोलाबाई हिरॉइन होत्या, फार छान. माझ्या अनुभवात ज्या बाईनं मागच्या गर्दीत पाठमोरी घागर उचलली, तीसुद्धा म्हातारपणी हिरॉइनच होती. एकानं तर नातवंडांना सांगितलं होतं की घोड्यावर तोच होता. घोड्याचा लगाम धरून उभा होता, हे मला ठाऊक, कारण त्याच्या मिशा मी चिकटवल्या होत्या.

तरी एक परीक्षा सांगतो. तिला विचार, तुमची बाजू कोणती. काही समजावून सांगू नकोस, एवढंच विचार. जी खरोखर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आहे, तिला प्रश्न कळतो. प्रत्येक चेहऱ्याची एक बाजू चांगली दिसते, आणि जिच्यावर सिनेमा चालतो तिची बाजू सगळ्या स्टुडिओला पाठ असते. घागरवाली "कसली बाजू?" म्हणेल.

कलावती मजेत आहे. परवा येऊन माझं स्वयंपाकघर आवरून गेली, तेव्हापासून मला चहाचा डबा सापडत नाही. बहिणींना हा रोग असतोच, तुझ्या आईला जरा जास्त आहे.

मामा


जॉन्सनव्हिल
१२ जून २००५

मामा,

परीक्षा घेतली. प्रश्न विचारून पुरा व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "लेफ्ट. ऑल्वेज लेफ्ट." आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की हे इतके दिवस का विचारलं नाहीस? म्हणजे घागरवाली नव्हेत. आपण दोघंही हरलो, लोलाबाई जिंकल्या.

पण मामा, आता त्यात मजा राहिलेली नाही. बाईंचं डोकं बिघडत चाललंय. सांगताना वाईट वाटतं. पांढरे ब्लाउज चहात बुडवतात. अक्षरशः! मॉर्निंग टीची किटली बेसिनमध्ये ओततात, ब्लाउज त्यात बुचकळून पिळून रेडिएटरवर टाकतात. तेसितानं नवा आणलेला तिसऱ्या दिवशी मळकट झाला, ती केवढी चिडली. ओठांना तपकिरी पेन्सिल फासतात, तोंडाला पिवळट काहीतरी. ओवी एकदा माझ्याबरोबर आली होती, ती तोंडावर म्हणाली, "लोला, यू लुक अ बिट येलो." उजव्या बाजूनं कुणी बोललं तर वळून बघतच नाहीत. खिडकीत ऊन आलं की तिथे जाऊन डोळे मिटून बसतात, हाक मारली तरी उघडत नाहीत. आणि जमिनीवर चिकटपट्टीची फुली केली आहे, वॉकर बाजूला ठेवून, वर बघत, आकडे मोजत त्या फुलीपर्यंत चालतात. एकदा मोडलेला खुबा पुन्हा मोडला तर?

हे सगळं वहीत लिहावं लागतं. अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ माझ्या अक्षरात आहेत. आता चौदा जुलैला बैठक आहे. डॉक्टर, मॅनेजर आणि तेसिता. बहुतेक त्यांना मागच्या विभागात हलवतील. तिथे दाराला आकड्यांचं कुलूप असतं, सामान काढून घेतात, खिडकी बंद अंगणात उघडते. एकदा आत गेलेलं माणूस परत पुढे आलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांना कुणकुण लागली असावी. काल माझा हात धरून म्हणाल्या, "निशा, नॉट द बॅक डोअर." मी म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच आहे. हात सोडवून घेतला आणि विणकामाच्या वर्गाला गेले.

भल्यासाठीच आहे ना, मामा? तिथे निदान पडणार तरी नाहीत.

निशा


कोल्हापूर
२४ जून २००५

निशे,

आशीर्वाद नंतर, आधी कानउघाडणी.

अगं खुळे, ती बाई बिघडलेली नाही. ती कामावर आहे. पत्र वाचता वाचता मी उठून उभा राहिलो, गुडघ्याची आठवणही राहिली नाही.

एकेक सांगतो, नीट वाच आणि त्या डॉक्टरलाही वाचून दाखव. काळ्या-पांढऱ्या सिनेमात शुभ्र पांढरं कापड चालत नाही. दिव्याखाली ते इतकं चमकतं की चेहरा बुडून जातो. म्हणून आम्ही पांढऱ्या साड्या, धोतरं, सदरे, सगळं चहाच्या पाण्यातून काढायचो. पडद्यावर ते पांढरं दिसायचं. अंगणात अशा साड्यांची रांग वाळत असायची. तू पाच वर्षांची असताना दोरीवर त्या घालायला मला चिमटे काढून दिले आहेस. तुला कसं आठवणार म्हणा.

ओठांचं. त्या दिव्यांच्या उजेडात लाल रंग फिका पडायचा, बाई आजारी दिसायची. म्हणून तपकिरी. तोंडाला पिवळट लेप लावला की कातडी एकसारखी दिसायची. सेटवर आमच्या हिरॉइनी बघितल्या असत्यास तर कावीळ झाली म्हणून पळत सुटली असतीस. बाहेरच्या शूटिंगला उन्हाचा झोत मोठ्या चंदेरी फळ्यांवरून तोंडावर मारतात. डोळे उघडे ठेवले तर पाणी येतं. म्हणून "तयार" असं कुणी म्हणेपर्यंत मिटून बसायचं. फुली म्हणजे कॅमेऱ्यासमोर थांबायची जागा. खाली न बघता, पावलं मोजून तिथेच थांबता आलं पाहिजे. नवख्या पोरी रडकुंडीला येतात. आणि उजवीकडून बोलणाऱ्याकडे ती का बघत नाही, ते तर तूच मला लिहून पाठवलंस!

इतकं सगळं जिला पाठ आहे तिला तुम्ही कुलपात घालणार? आणि पुरावा म्हणून माझ्या भाचीचं अक्षर?

ती विसरत असेल, या वयात मीही विसरतो. पडायची भीती खरी आहे, तर तिच्याबरोबर चाला. पण न कळलेल्या गोष्टीला वेड म्हणू नये, निशा. मी हे तुला सांगावं असा माझा काही अधिकार

आज पुढे लिहवत नाही. हे पत्र तसंच टाकतो, म्हणजे बैठकीच्या आत पोचेल.

मामा


जॉन्सनव्हिल
१७ जुलै २००५

मामा,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येत होते, पेटीत पाकीट दिसलं, तिथेच वाऱ्यात उभी राहून वाचलं. लाज वाटली मला. नऊ नोंदी, मामा. प्रत्येकीखाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले ती थेट त्यांच्या खोलीत. डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदा विचारलं, की लोला, ही तयारी कुणासाठी? त्या म्हणाल्या, कुणासाठी नाही. आमच्या कामात आधी तयार व्हायचं असतं, बोलावणं मागाहून येतं. मग स्वतःच हसल्या. एकोणसाठ साली स्टुडिओ बंद पडला. नंतर पाच वर्षं त्या रोज सकाळी तयार होऊन बसत, स्टुडिओची गाडी येईल म्हणून. तेसिता तेव्हा पोटात होती, मग मांडीवर. गाडी आली नाही. मग आईनं शिकवलेलं भरतकाम काढलं आणि मुलीला नर्स केलं. हात मात्र ती जुनी तयारी विसरले नाहीत, असं म्हणून त्यांनी मला दोन्ही हात दाखवले.

मी प्रणयचा कॅमेरा घेऊन गेले होते. त्यांनी चहात बुडवलेला ब्लाउज घातला, लेप लावला, ओठ रंगवले. मी दंडाला धरून चालवलं, पण फुली त्यांनीच साधली. डोळे मिटून बसल्या. मी म्हटलं, "रेडी, लोला." डोळे उघडले. मी दोन फोटो काढले, एक रंगीत आणि एक काळा-पांढरा.

बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, या वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत, पण त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला. तुमचं पत्र इंग्रजीत करून वाचलं. मॅनेजर म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण कोल्हापूरच्या एका मेकअपमनच्या सांगण्यावरून... तेव्हा मी फोटो टेबलावर ठेवले. रंगीत फोटोत एक पिवळी, तपकिरी ओठांची, मळका ब्लाउज घातलेली म्हातारी. काळ्या-पांढऱ्यात मामा, लिगाया मोंतेस! ब्लाउज पांढराशुभ्र, चेहरा निवांत, मान किंचित उजवीकडे वळलेली, डावी बाजू पुढे.

तेसितानं तो फोटो उचलला. बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "ही माझी आई. मी हिला पाहिलंच नव्हतं." आणि रडायला लागली. मग मीही.

डॉक्टर भले आहेत. म्हणाले, स्मरणशक्तीच्या चाचणीत त्या तारीख चुकल्या, वर्षही चुकल्या, तेव्हा काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण या नोंदींवर मी कुणाला हलवणार नाही. सहा आठवडे बघू. म्हणजे अजून टांगती तलवार आहेच. सहा आठवड्यांत त्या एकदा जरी पडल्या किंवा वाट चुकल्या तरी मागचं दार.

काळा-पांढरा फोटो सोबत पाठवते. आणि तुमचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. कसला अधिकार?

निशा


कोल्हापूर
३० जुलै २००५

चि. निशास,

फोटो मिळाला. भिंग लावून पाहिला. उजवी भुवई केसभर वर गेली आहे, हात थरथरत असेल. बाकी काम पक्कं. हा चेहरा ज्यानं कुणी मनिलात रंगवला असेल, त्याला माझा रामराम.

तू विचारलंस म्हणून लिहितो. नाहीतर कुणाला लिहिलं नसतं.

तुझी शकुमामी सेटवर केस करायची हे तुला माहीत आहे. चेहरा माझा, केस तिचे, अशी आमची जोडी. कुणाचं लग्न ठरवून दिलेलं असतं, आमचं आरशात ठरलं. तिच्या शेवटच्या वर्षात तिचं डोकं फिरलं असं आपण सगळे म्हणत होतो. शालीच्या दशा सोडवायची आणि त्यांच्या वेण्या घालायची. सकाळी आठला पिशवी घेऊन रस्त्यावर जायची, शाळेत जाणाऱ्या पोरींना धरून त्यांच्या रिबिनी सोडायची. पोरी घाबरायच्या. शेजारचे विश्वनाथराव सांगायला आले. मी तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायला लागलो. फण्या, केसांचे आकडे, सगळं काढून माळ्यावर टाकलं, डोळ्याबिळ्यात खुपसून घेईल म्हणून. एकदा माझ्या मागे येऊन माझ्या डोक्यात बोटं फिरवून भांग काढायला लागली. माझ्या डोक्यावर केस ते किती! मी हात झटकला. ओरडलोसुद्धा.

तुझं जूनचं पत्र वाचलं, तुझ्या बाईबद्दल एकेक खूण मला चटाचट कळत गेली, आणि मग थांबलो. परक्या देशातल्या, न पाहिलेल्या बाईचं मला पाच मिनिटांत कळलं. घरातलीचं आठ महिने कळलं नाही. तीही कामावरच होती, निशा. आणि मी तिच्या हातातली फणी काढून घेतली.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. तू समजूत घालू नकोस. फक्त त्या बाईला आत जाऊ देऊ नकोस.

मामा


जॉन्सनव्हिल
४ सप्टेंबर २००५

मामा,

आधी बातमी. लोलाबाई पुढेच राहणार! सहा आठवडे पुरे झाले, डॉक्टर येऊन गेले. तारीख अजून चुकते आणि परवा मला त्या कुठल्याशा स्टुडिओतली शिंपीण समजल्या. पण पडल्या नाहीत, वाट चुकल्या नाहीत. रोज सकाळी कुणीतरी दंड धरून त्यांना फुलीपर्यंत चालवतं, ते आता त्यांच्या कागदात व्यायाम म्हणून लिहिलं आहे. आमच्या इथली नर्स हसून "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या बोलीत झकास, असं म्हणाली आणि तिनं जुनी पट्टी काढून नवी लावली. तेसिता रविवारी येते ती घरूनच चहा उकळून थर्मासमध्ये आणते, पिण्याचा वेगळा आणि ब्लाउजचा वेगळा. ओवीनं त्यांचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायला शिकून घेतलंय, त्यांच्यात मोठ्यांना असाच नमस्कार करतात. तुमच्या पत्रानं हे झालं मामा. माझ्यानं एकटीनं झालं नसतं.

आता दुसरं. तुम्ही समजूत घालू नकोस म्हणालात, म्हणून घालत नाही. जे झालं ते सांगते. हे पत्र मी चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात मी आले होते, आठवतं? एक दिवस तुम्ही मामीची औषधं आणायला गेलात आणि मला बजावून गेलात की कडी काढू नकोस. तुमची पाठ वळल्यावर मी कडी काढली. मामी पलंगावर बसून शालीशी खेळत होती. मला ओळखलं नाही. पण माझ्या केसांकडे पाहिलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पर्समधली फणी काढून तिच्या हातात दिली आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले.

मामा, तिचे हात जराही थरथरले नाहीत. माझ्या डोक्यातले सगळे आकडे काढून तिनं ओठांत धरले. भांग सरळ काढला. असा घट्ट, देखणा खोपा बांधला की तसा माझ्या लग्नातही झाला नव्हता. वीस-पंचवीस मिनिटं ती माझी पूर्वीची मामी होती, मधूनच "हलू नको गं" म्हणून टपली मारणारी. तुम्ही यायच्या आत मी तो खोपा सोडला, फणी पर्समध्ये टाकली आणि कडी लावली. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. नंतर ती गेली, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही. मामीच्या बाबतीत मला न सांगता कळलं होतं, कारण ती आपली होती. लोलाबाईंच्या वेळी हातात वही होती, तिच्यापुढे मला काही दिसलं नाही. म्हणून एकट्यालाच दोष घेऊ नका, मला माझा वाटा द्या.

आणि तिचा एक निरोप माझ्याकडे राहून गेला आहे. त्या दिवशी शेवटचा आकडा खोवल्यावर तिनं माझी हनुवटी वर केली, दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि दाराकडे बोट करून मला म्हणाली, "जा, ह्यांना सांग, माझं झालं. आता चेहरा त्यांचा."

तुमची
निशा